मदत हवी आहे: बाबांना गोल्डन गेट पुलावर चालायला न्यायचंय, गणपतीआधी की नंतर?

नमस्कार मंडळी,

आम्ही रत्नागिरीजवळचे. धाकटा भाऊ अमेरिकेत सॅन होजेला असतो. आई-बाबा यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार, सोबत मी. बाबांची मागणी एकच आहे: सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल पायी बघायचा आणि केबलला हात लावायचा.

बाबा कोकण रेल्वेच्या पानवल पुलावर कामाला होते. तिथले खांब ६४ मीटर उंच. गोल्डन गेटचा रस्ता पाण्यापासून सुमारे ६७ मीटरवर, म्हणजे उंची त्यांच्या सवयीची. पण पानवलचा अख्खा पूल ४२४ मीटरचा, आणि इथे दोन मनोऱ्यांमध्येच १२८० मीटर अंतर, मधे एकही खांब नाही. सगळा भार दोन केबलवर, तोही १९३७ पासून! एकेका केबलमध्ये २७,५७२ तारा आहेत हे वाचल्यापासून बाबा रोज त्याबद्दल काहीतरी विचारतात.

अडचण दिवसांची आहे. भाऊ म्हणतो, लावणी आटोपली की जुलैतच या, तेव्हा मुलांना सुट्टी असते. पण उन्हाळ्यात तिथे इतकं धुकं असतं की पूलच दिसत नाही, असं ऐकलं. घरी गौरी-गणपती असतात, ते सोडून आई-बाबा कुठेही जाणार नाहीत. विसर्जनानंतर निघालो तर भातकापणी आमच्याशिवाय होईल. माणसं मिळतील, पण बाबांचा जीव शेतात अडकणार.

शिवाय बाबा ७२ वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो. केबल हाताशी येते ती पुलाच्या मध्यावर, असं कळलं. तिथवर जाऊन परत येणं जमेल का? कुठल्या बाजूने सुरुवात करावी? वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, गणपतीनंतरच या. उन्हाळ्यात आतला प्रदेश तापतो, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरचं गार धुकं त्या चिंचोळ्या खाडीतोंडातून आत ओढलं जातं. पूल नेमका त्याच तोंडावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कधीकधी मनोऱ्यांची टोकंच तेवढी वर दिसतात. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये आकाश बरंच मोकळं असतं. वारा मात्र बारा महिने. नुसत्या स्वेटरने भागत नाही, वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवीच.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने करा. पायी जाणाऱ्यांसाठी पूर्वेकडची वाट आहे, पैसे लागत नाहीत. व्हीलचेअरही नेता येते, मी आमच्या सासूबाईंना तशीच नेली होती. मध्यापर्यंत जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. बाबांना आधी पहिल्या मनोऱ्यापर्यंत न्या, गुडघा काय म्हणतो ते बघा आणि मग पुढे. नाहीच जमलं तरी हिरमोड होणार नाही: दक्षिणेच्या चौकातच केबलचा खरा आडवा काप मांडून ठेवलाय. जवळजवळ ९२ सेंटिमीटर जाडीचा. तारा कशा दाबून बसवल्यात ते त्यात दिसतं, आणि पुलावर कामं केलेल्या माणसाला तिथून उठवणं कठीण जाईल.

परतताना पुलाखालचा फोर्ट पॉइंट बाहेरून तरी दाखवा. हा विटांचा जुना किल्ला पाडावा लागू नये म्हणून त्याच्यावरून वेगळी पोलादी कमान टाकली आहे. आपल्याकडे रस्त्यासाठी काय काय पाडलं जातं ते बघता मला पुलाइतकीच ती कमान आवडते.

पार्किंग लवकर भरतं. शहरातून २८ नंबरची बस थेट पुलाशी सोडते, तीच घ्या.