स्टोरीबोर्डचं सॉफ्टवेअर : सुरुवात कशातून करू? (टॅब्लेट नाही, बजेट नाही)

गिरणीवाला
नमस्कार मंडळी. मी इस्लामपूरचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्र मिळून सात-आठ मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. जवळपास सगळी पिठाच्या गिरणीत घडते. गिरणी काकांचीच आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही, पण शूटिंगला आठवड्याच्या सुट्टीचा एकच दिवस मिळणार. म्हणून सगळे शॉट आधी स्टोरीबोर्डवर, म्हणजे एकेका शॉटचं चित्र ओळीने काढून, बघून घ्यायचेत. वहीत काढायला घेतलं, पण मधे एक शॉट घुसवायचा म्हटला की पुढचं सगळं खोडायला लागतंय.

लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पेन टॅब्लेट (संगणकावर चित्र काढायची पाटी) नाही. नेटवर शोधलं तर स्टोरीबोर्डर, क्रिटा, स्टोरीबोर्ड प्रो, ब्लेंडर अशी रांगच लागली. चित्रकला माझी बेताची. मोबाइलवरच शूट करणार. कुठून सुरू करू?

फ्रेमबाहेर
वेळ घालवू नका, थेट स्टोरीबोर्ड प्रो शिका. अॅनिमेशन स्टुडिओत तेच विचारतात.

रेघोट्या
फ्रेमबाहेर, स्टुडिओत नोकरी बघणाऱ्याला तुमचा सल्ला बरोबर आहे. टून बूमचं ते सॉफ्टवेअर पैसे घेतं आणि त्या बदल्यात कॅमेऱ्याच्या हालचाली, लेयर, आवाजाचे ट्रॅक असं सगळं देतं. गिरणीवाल्या, तुला त्यातलं आत्ता काहीही लागणार नाही. (दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.)

मी जाहिरातींचे बोर्ड काढते. सुरुवात केली तेव्हा कार्डशीटवर फ्रेम काढायच्या, झेरॉक्स मारायची, कापून चिकटवायच्या. मग क्लायंट म्हणणार, "तो आईचा क्लोजअप जरा आधी घ्या ना." की पुन्हा कात्री! सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता चित्रं भराभर होतील. कसली होतात! चित्राला लागायचा तेवढा वेळ लागतोच. कात्री मात्र सुटली. आणि कागदावर जे कधीच दिसलं नाही ते दिसायला लागलं, कुठली फ्रेम पडद्यावर किती सेकंद राहणार ते. तेव्हा ब्रश किती आहेत ते मोजत बसू नकोस. फ्रेमला सेकंद लावून 'प्ले' करता येतं ना, एवढं बघ.

माझ्या मते तुला स्टोरीबोर्डर. वंडर युनिटचं आहे, फुकट आणि ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. गेल्या काही वर्षांत त्यात फारशी नवी भर पडलेली नाही, पण आहे ते तुझ्या कामाला भरपूर आहे. नवीन बोर्ड उघडलास की ते आधी फ्रेमचं माप विचारतं. तिथे हौस म्हणून रुंद सिनेमास्कोप निवडू नकोस. मोबाइलवर १६:९ मध्ये (रुंदी १६ तर उंची ९) घेणार असशील तर बोर्डही १६:९ चाच. नाहीतर बोर्डात नसलेलं छत शूटिंगच्या दिवशी फ्रेममध्ये येऊन बसेल, आणि गिरणीच्या छताला काय काय लोंबत असतं ते तुला मी सांगायला नको.

टॅब्लेट नसला तरी अडत नाही. यात वर्कशीट छापायची सोय आहे. रिकाम्या चौकटींचं पान छापायचं, त्यात पेनाने काढायचं, मोबाइलने फोटो काढून आत घ्यायचा. पानावर क्यूआर कोड असतो, त्यावरून सॉफ्टवेअर चौकटी सुट्या करून एकेक बोर्ड बनवतं. पान सपाट ठेव, कोडवर बोट येऊ देऊ नकोस, आणि पेन्सिल नको, फिकी येते. काळं जेल पेन घे.

आता तुझ्या गिरणीतलाच एक सीन धरू. पोरगा डबा घेऊन रांगेत उभा, चक्की चालू, आणि लाइट जाते. नवखा माणूस तीन फ्रेम काढेल : पोराचा चेहरा, बल्ब, अंधार. प्रत्येकी दोन सेकंद, कारण सॉफ्टवेअर आपणहून दोनच सेकंद लावतं. प्ले करून बघ, लाइट गेली असं वाटतच नाही, नुसते फोटो बदलतात. खरं तर लाइट गेली म्हणून चक्की जागच्या जागी थांबते का? पट्टा फिरत राहतो, घरघर हळूहळू खाली येते, मग रांगेतलं कुणीतरी म्हणतं, "गेली का!" म्हणजे बल्बला एक सेकंद पुष्कळ झाला, पट्ट्याला खूप जास्त, आणि पोराचा चेहरा पट्टा थांबल्यावर. पट्ट्याचे दोन बोर्ड काढ, फिरणारा आणि थांबलेला, पण दुसऱ्या बोर्डवर 'न्यू शॉट'ची खूण करू नकोस. मग नंबर ३ए, ३बी असे पडतात, आणि कॅमेरा दोनदा लावायचा नाही हे पोरांना न सांगता कळतं.

चक्की बंद होतानाचा आवाज मोबाइलवर घेऊन ये. बोर्डला आवाजाची फाइल जोडता येते.

पेनड्राइव्हवर नेताना एकटी प्रोजेक्ट फाइल नेऊ नकोस. चित्रं शेजारच्या 'इमेजेस' फोल्डरमध्ये असतात, ते मागे राहिलं की पलीकडे रिकाम्या चौकटी उघडतात.

पिक्सेलपंत
चित्रं रंगवायचं क्रिटाही सुचवतो. ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरपासून, त्यात स्टोरीबोर्डचा वेगळा डॉकर (बाजूला उघडणारी चौकट) आहे. फ्रेमचा कालावधी, शेरे, पीडीएफ सगळं होतं. रंगवायची आवड असेल तर उत्तम. थ्रीडीच्या ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल हे चित्र काढायचं साधन भारी आहे, पण या लॅपटॉपवर आणि इतक्या घाईत त्याच्या वाटेला जाऊ नये.

गिरणीवाला
रेघोट्याताई, खूप खूप आभार. वर्कशीट छापून बघितलं, चाललं. पहिला फोटो ट्यूबलाइटखाली काढला तर सावली पडली, दारात उजेडात काढल्यावर नीट आला.

दोन शंका. एक, माझी माणसं म्हणजे काड्या आणि गोळे. चालतील का? दोन, काकांच्या चक्कीचा आवाज पूर्ण थांबायला अकरा सेकंद लागतात. अकरा सेकंद नुसता पट्टा दाखवू?

कोल्हापूरकर
काड्या बिनधास्त चालतील! आमच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कपडे, पात्रं, हालचाली सगळ्याची तपशीलवार स्केचेस ते आधी काढून ठेवायचे म्हणतात. पण ते पेंटरच होते बाबा, त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नकोस.

रेघोट्या
काड्याच काढ. फक्त प्रत्येक गोळ्याला नाक काढ, म्हणजे माणूस कुणीकडे बघतोय ते कळतं. आणि मागे एक आडवी रेघ मार, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आहे की खाली, तेही कळतं. रांग आणि काका यांच्यात मनातल्या मनात एक रेषा धर आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेव. पोरगा एका फ्रेममध्ये उजवीकडे बघत असेल आणि पुढच्यात डावीकडे, तर तो काकांशी बोलतोय की भिंतीशी, हे बघणाऱ्याला समजत नाही. बोर्ड सलग प्ले केलेस की नाकांवरून हे लगेच पकडता येतं. स्टोरीबोर्डरमधलं शॉट जनरेटर, थ्रीडी पुतळे उभे करून अँगल बघायचं, ते सध्या राहू दे, लॅपटॉप दमेल.

अकरा सेकंद पट्टा नको, कंटाळा येईल. आवाज मात्र अकरा सेकंद पूर्ण वाजू दे. तो बल्ब गेला त्या बोर्डला जोड, पुढच्या बोर्डांवरही वाजत राहील. त्याखाली पट्टा चार, रांगेतले चेहरे तीन, पोराचे डब्यावरचे हात दोन, असं लावून बघ. बेरीज थोडी कमीजास्त झाली तरी हरकत नाही. हात आधी की चेहरे आधी, हे आता ओढून मागेपुढे करून बघायचं, खोडरबराची गरज नाही.

पीडीएफ काढायच्या आधी मजकुरात दोन ओळी मराठीत टाइप करून त्या नीट छापल्या जातात का बघ. मग पानं छापून घे आणि त्यांवर शूटिंगचा क्रम लाल पेनाने लिही. पट्ट्याकडे तोंड करून असलेले सगळे शॉट एका झटक्यात, मग कॅमेरा फिरवून रांगेचे.

गिरणीवाला
समजलं ताई. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, चक्की रिकामी फिरवायची नाही, दगडावर दगड घासतो. म्हणजे प्रत्येक टेकला गहू घालावे लागणार. बजेटमध्ये दहा किलो गहू लिहून टाकले.