गोदी बघायची तर तिथी बघून निघा

सोलापूरहून गट नेऊन जहाजांचं संग्रहालय आणि जुनी गोदी एकाच सहलीत उरकायचा बेत ऐकला. मुंबईपुरता तो अर्धाच जमेल. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं सागरी दालन निवांत बघा. पण जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याची गोदी नौदलाच्या ताब्यात आहे, सहज आत सोडत नाहीत. त्याच वाडियांनी सागवानात बांधलेली 1817 ची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे! ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलकटपणामुळे टिकतात.

खरी गोदी बघायचीय तर कोल्हापूरमार्गे विजयदुर्ग गाठा. जवळच वाघोटण खाडीकाठी गिर्ये गावात मराठा आरमाराची गोदी आहे, खडक फोडून केलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळाची डागडुजी करायची.

म्हणून ओहोटीलाच जा, नाहीतर नुसतं पाणी बघून परताल. ते आपल्याकडे सिद्धेश्वर तलावातही आहे. कोकणातला हिशोब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठ-साडेआठला. अष्टमीची भांगाची भरती-ओहोटी टाळा, पाणी फारसं उतरत नाही. आणि मंडळींना सांगा, चपला घट्ट हव्यात, शेवाळावर पाय सटकतो.