मदत हवी आहे: १७८३च्या व्हर्सायमधली काउंटेस
ऑनलाइन रोलप्लेमध्ये मी फ्रान्सच्या राजाच्या व्हर्सायमधल्या दरबारातली तरुण काउंटेस साकारतेय. साल १७८३. त्याच वर्षी मारी आंत्वानेत राणीचं पांढऱ्या मलमलीच्या सैल झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनातून उतरवावं लागलं. राणी अंतर्वस्त्रांतच बसलीय, अशी ओरड झाली. मला तोच झगा फार आवडलाय: कमरेला झिरझिरीत सोनेरी पट्टा, डोक्यावर गवती हॅट. पण दरबारी भेटीच्या प्रसंगात तो चालणार नाही ना? तिथे कमरेच्या दोन्ही बाजूंना सांगाडे बांधून रुंद केलेला घागराच हवा. तो घालून दारातून शिरायचं कसं, तिरकं होऊन?

दुसरं म्हणजे, ही बाई पत्रांतून बोलते. फ्रेंच लेखक लाक्लोची पत्ररूप कादंबरी १७८२ची, म्हणजे तिने ती वाचलेली असू शकते. मैत्रिणीला लिहिताना मायना काय घालू? फ्रेंच येणाऱ्यांनी कृपया सांगा, शनिवारी प्रसंग आहे.