मोरसला निघालोय, पण पोर्ट लुईस रविवारी नको

मेघना (ए-१०४): नमस्कार मंडळी. काल गच्चीवर ठरलं ते लिहून ठेवते. मॉरिशस, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सहा रात्री, नऊ जण. मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आसपास. व्हिसा आधी काढायचा नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा. मॉरिशसचा ऑनलाइन फॉर्म मी सगळ्यांचा भरते. पासपोर्टची मुदत मात्र प्रत्येकाने आजच बघा, सहा महिने तरी शिल्लक हवेत.

नलिनी काकू (बी-००२): माझा डिसेंबरात संपतोय गं 😟

मेघना: काकू, काळजी नको. संध्याकाळी येते, लगेच रिन्यूअलचा फॉर्म भरू. आधार आणि जुना पासपोर्ट काढून ठेवा.

प्रकाशराव (सी-४०३): ऑक्टोबरात पाऊस नसेल ना? पैसे भरल्यावर कळायला नको.

ऋतुजा (ए-३०१): नाही काका. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे ऋतू आपल्या उलटे. मे ते ऑक्टोबर हिवाळा. वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, ऑक्टोबर कोरडा असतो. तिथलं तीर्थस्थान गंगा तलाव उंचावर आहे, तिथे धुकं आणि गार वारा, एक स्वेटर घ्याच.

मेघना: एजंटचा कार्यक्रम आला. शुक्रवारी पोचणं, शनिवारी शामारेल आणि गंगा तलाव, रविवारी राजधानी पोर्ट लुईस, सोमवारी इल ओ सर्फ बेट, मंगळवारी ब्लू बे, बुधवार मोकळा, गुरुवारी परत. सगळ्यांना चालेल?

विद्याताई (बी-३०२): मेघना, पैसे भरायच्या आत एक सांगते. पोर्ट लुईस रविवारी नको. तिथला आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून नेलेले मजूर उतरायचे ती जागा, रविवारी बंद असते, आणि मी या सहलीला येतेय ती मुख्यतः त्याच्यासाठी.

आमच्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ राजापूरजवळच्या गावातून मुंबईला गेले आणि तिथून 'मोरसला'. परत आले नाहीत. घरात एवढंच सांगतात, नावानंतर पुढे काही नाही. मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आजी चहाच्या साखरेला 'मोरस साखर' म्हणायची. तिकडून यायची म्हणून ते नाव. ज्या उसाची ती साखर, तो ऊस तोडायला आपलीच माणसं गेली होती.

१८३४ पासून करारावरचे मजूर तिथे न्यायला लागले. बिहार आणि तमिळ भागातून खूप, मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलेही. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख. बोटीतून उतरून त्याच घाटाच्या दगडी पायऱ्या चढायचे, दोन-तीन दिवस आवारात राहायचे, मग कोणत्या मळ्यावर ते ठरायचं. २००६ पासून ती जागा जागतिक वारशात आहे. मला त्या पायऱ्यांपाशी उभं राहायचंय. तेवढा एक दिवस बदलून द्या.

नलिनी काकू: अगं हो, मोरस साखर! आमची आईही म्हणायची. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही मोरस म्हणजे काय.

ऋतुजा: ताई, माझा पाठिंबा. सोमवारचं बेट रविवारी, पोर्ट लुईस सोमवारी. मेघना, विचार ना.

प्रकाशराव: बदलाचे जादा पैसे मागितले तर आपल्यात वाटून घेऊ. विद्याताईंच्या एकटीवर नको.

मेघना: विचारलं. आधी म्हणाला, 'ग्रुपचा कार्यक्रम ठरलेला असतो, घाटावर बघण्यासारखं काही नाही.' मी म्हटलं, नऊ जणांची आपलीच गाडी आहे, मग अडचण कसली? बदलून दिलं, जादा पैसे नाहीत. आता रक्कम शनिवारपर्यंत भरा. पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) लागेल, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

*(ऑक्टोबर)*

ऋतुजा: पोचलो! इकडे दीड तास मागे आहोत. विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, सांगलीकडे आल्यासारखं वाटतंय.

सुनीता वहिनी (सी-४०३): तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर कोणाकडे जादा आहे? आमच्या खोलीत आमचा बसत नाही.

मेघना: माझ्याकडे. रूम २१४.

नलिनी काकू: 📷 गंगा तलाव. शंकराची मूर्ती १०८ फूट! महाशिवरात्रीला लोक पायी येतात म्हणे. स्वेटर उपयोगी पडला.

विद्याताई: आज घाट पाहिला. सविस्तर लिहिते, मागे राहिलेल्यांनाही वाचता येईल.

जागा लहान आहे, आवाराचा थोडाच भाग उरलाय. तिकीट नाही. पायऱ्या काळ्या दगडाच्या, कडा झिजलेल्या. पूर्वी समुद्र अगदी पायथ्याशी होता. मी हात लावला आणि मग बराच वेळ बोलता आलं नाही. नलिनी काकू शेजारी उभ्या राहिल्या, त्याही काही बोलल्या नाहीत.

आत संग्रहालयात एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. आमचं बोलणं कानावर पडलं तशा जवळ येऊन म्हणाल्या, "तुमी मुंबईच्ये काय?" पाच पिढ्या झाल्या त्यांच्या! घरात क्रिओल, म्हणजे तिथली बोलीभाषा, बोलतात, पण नात शाळेत मराठी शिकते, तिने आपलं नाव देवनागरीत लिहून दाखवलं. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे देशभर सुट्टी असते, मूर्ती समुद्रावर नेतात. आजींना पूर्ण आरती पाठ. चाल ऐकून मला माझं माहेर आठवलं.

मजुरांच्या नोंदवह्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपल्यात. प्रत्येकाला क्रमांक, त्यापुढे बापाचं नाव, गाव, जहाज. नंतरच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा आहेत. आमच्याकडे क्रमांक नाही, वर्षही नाही, नुसतं नाव आणि गाव. तेवढ्यावर शोधणं अवघड. पण अर्ज कसा करायचा ते विचारून घेतलंय.

प्रकाशराव: मी समुद्रासाठी आलो होतो, खरं सांगतो. आजचा दिवस बदलला नसता तर फार मोठं हुकलं असतं. ताई, धन्यवाद.

सुनीता वहिनी: बाजाराजवळ दोल पुरी खाल्ली. डाळीचं पुरण घातलेली मऊ पोळी, फक्त पुरण गोड नाही. जोडीनेच देतात, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांचा रस्सा आणि टोमॅटोची चटणी. शाकाहारी मंडळींची चिंता मिटली. घरी करून बघणारच.

मेघना: उद्या ब्लू बे. काचेच्या तळाची बोट आहे, गुडघेदुखीवाल्यांनी बोटीतूनच प्रवाळ बघायचं. पाण्यात उतरणाऱ्यांनी रबरी बूट घाला, तळाशी समुद्री साळिंदरं असतात, काटा पायात मोडतो.

*(परतल्यावर)*

मेघना: हिशेब टाकलाय, गाडी आणि टिप धरून. प्रत्येकी ₹६४० परत मिळतील.

दिनेश (सी-२०१): मी सहलीला नव्हतो, पण विद्याताईंचं लिहिलेलं तीनदा वाचलं. आमचं मूळ गाव गुहागरकडे. आमच्याही वंशावळीत एका नावापुढे 'मोरस' एवढंच लिहिलंय. आडनाव असेल असं मी आजवर समजत होतो.

विद्याताई: दिनेश, त्या नावाच्या आसपास साल किंवा बोटीचं नाव काही आहे का?

दिनेश: मोडीत दोन ओळी आहेत. मला वाचता येत नाहीत.

नलिनी काकू: मला येते मोडी. उद्या संध्याकाळी वंशावळ घेऊन ये माझ्याकडे. विद्या, तूही ये.