लिव्हरचा कर्करोग: तीन डॉक्टर, तीन सल्ले. एकत्र निर्णय कुठे होतो?

नमस्कार मंडळी,

अण्णांच्या (माझे वडील, वय 61) लिव्हरमध्ये 4 सेंमीची एकच गाठ निघाली आहे. जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरोसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं). ट्रायफेजिक सीटीवरच (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) निदान पक्कं झालं, बायोप्सीची गरज नाही म्हणाले. आम्ही लातूरचे.

सर्जन म्हणतात, गाठ काढून टाकू. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, सिरोसिसचं लिव्हर कापलं तर उरलेलं झेपेलच असं नाही, प्रत्यारोपणाचं बघा. तिसऱ्या ठिकाणी 'टेस' सुचवलं, म्हणजे धमनीतून नळी घालून गाठीत औषध सोडायचं आणि तिचा रक्तपुरवठा बंद करायचा. ज्याच्यासमोर बसावं त्याचं पटतं. पण हे तिघे एकमेकांशी एकदाही बोललेले नाहीत. एकाचा निरोप दुसऱ्याला मी सांगतो, आणि सांगताना काही सुटलं तर, या विचाराने झोप लागत नाही.

टाटा मेमोरियलला अवयवानुसार डॉक्टरांचे गट असतात आणि केस सगळ्यांसमोर मांडली जाते असं वाचलं. ती चर्चा आपोआप होते की मागावी लागते? प्रत्यारोपणासाठी नाव कुठे लावतात? महात्मा फुले योजनेचं कुठे विचारायचं? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद:

दादा, माझ्या काकांच्या वेळी हे सगळं केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. हे तीन सल्ले एकमेकांच्या विरोधात असतीलच असं नाही. 5 सेंमीपर्यंतची एकच गाठ सहसा प्रत्यारोपणाच्या निकषात बसते, आणि यकृत मिळेपर्यंत गाठ वाढू नये म्हणून मधल्या काळात टेस करतात. ऑपरेशन झेपेल का, हे उरलेल्या लिव्हरच्या ताकदीवर ठरतं. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी, शुद्धीवरचा परिणाम, यावरून 'चाइल्ड-पग' हा लिव्हरच्या ताकदीचा स्कोअर काढतात. तो फाईलवर लिहून घ्या. पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) मोकळी आहे का, हेही विचारा.

जिथे जाल तिथे "केस ट्यूमर बोर्डासमोर (सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) ठेवा" असं स्पष्ट सांगा आणि निर्णय लेखी मागा. सीटीची सीडी न्याच. नुसत्या रिपोर्टवर बोर्डातले रेडिऑलॉजिस्ट मत देत नाहीत. टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेमार्फत ऑनलाइनही मिळतं, अण्णांना लगेच मुंबईला नेण्याची दगदग वाचेल.

मृत दात्याच्या यकृतासाठीची यादी झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) असते, पण नाव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच लागतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, कोणता उपचार योजनेत बसतो ते तो सांगेल.

आणि बी विषाणूचं औषध बंद करू नका. राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ते सरकारी उपचार केंद्रात मोफत मिळतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तुमची, भावंडांची, आईची बीची तपासणी झाली आहे का? घरातलं कोणी यकृत द्यायला तयार असेल तर ती पहिल्याच टप्प्यावर लागेल, आणि निगेटिव्ह असाल तर लस घेऊन टाका.