फंक्शनल कनेक्टिव्हिटी: जोडणी, ताळमेळ की सहस्पंदन?

रामबागकर: इंदूरच्या ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’वर, म्हणजे स्मरण-विचारशक्तीतल्या सौम्य घटीवर, मराठी माहितीपत्रक होतंय. ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’ला ‘कार्यात्मक जोडणी’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ‘मेंदूतल्या तारा तुटणे’ करून टाकलं. चालेल का?

अनुस्वार: अजिबात नाही. तारा म्हणाल तर ते तंतू. त्यांचा अंदाज डिफ्यूजन एमआरआयवर, पाणी कुठल्या दिशेने पसरतं यावरून घेतात. इथे एमआरआय स्कॅनवर मोजतात ते वेगळं. माणूस नुसता स्वस्थ पडलेला असताना मेंदूच्या दोन भागांतला, रक्तातल्या ऑक्सिजनचा संकेत बरोबरीने वरखाली होतो का, एवढंच. लहरी फार संथ, एकेक साधारण १० ते १०० सेकंदांची. थेट तंतू नसलेल्या भागांतही संबंध चांगला येऊ शकतो. ‘ताळमेळ’ लिहा.

शुद्धलेखन: तो हिंदीचा तालमेल. इंदुरी मराठीत हिंदी आधीच काय कमी आहे? ‘सहस्पंदन’ घ्या.

अनुस्वार: स्पंदन म्हटलं की लोक नाडीच धरतील. आणि ताळा पाहणे, ताळेबंद, ताळतंत्र हे सगळं हिंदीचं का?

शुद्धलेखन: ताळेबंदातला ताळा हिशोबाचा. ताळमेळातला ताळ गाण्यातला. दोन्ही एक करू नका.

छावणी: शब्द कुठलाही घ्या, पण पुढे ‘घटला’ एवढंच लिहू नका. या सौम्य घटीच्या टप्प्यात मेंदूच्या मागच्या मध्यभागाचा हिप्पोकॅम्पसशी (आठवणींसाठी महत्त्वाच्या भागाशी) मेळ बरेचदा कमी आढळतो, पण काही जोड्यांत वाढलेलाही दिसतो. ‘बदल’ म्हणा. शिवाय डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडतात: दूरच्या भागांचा संबंध खोटाच कमी दिसतो, जवळच्यांचा खोटाच वाढतो. वयस्कर मंडळी जास्त हलतात, म्हणजे चूक नेमकी आजारासारखी दिसते. त्यासाठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा घट्ट बसवतात आणि हललेल्या क्षणांच्या प्रतिमा गाळतात. दोन सेकंदांना एक धरली तर १० मिनिटांत ३०० होतात. निम्म्या गाळल्या तर उरलेल्यावर भरवसा ठेवू नये. डुलकी लागली तरी मेळ बदलतो.

रामबागकर: मग मथळा ‘सौम्य स्मृतिभ्रंशातील बदल’ ठेवू?

छावणी: नको! स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. आपल्या पत्रकातल्या सौम्य टप्प्यावर चाचणीत घट दिसते, पण माणूस औषधं, बँक, बाजार बहुतांशी स्वतः सांभाळतो. भेद तिथेच आहे. ‘सौम्य बोधनक्षीणता’ लिहा.

शुद्धलेखन: स्मृतिभ्रंश गीतेतला शब्द आहे, दुसरा अध्याय, ६३वा श्लोक.

अनुस्वार: तिथे तो क्रोधातून आलेल्या संमोहानंतर येतो, वयाने नव्हे. त्या स्मृतीचा अर्थ विवेकाकडे झुकतो.

शुद्धलेखन: ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना ‘बोधनक्षीणता’ कळणार आहे?

छावणी: ती म्हण पत्रकात येऊच देऊ नका. विसरणं वयाचंच म्हणून घरचे गप्प बसतात आणि बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांसारखी उपचार होणारी कारणं तपासायची राहतात. हेही ठळक छापा: या स्कॅनवरून एकट्या माणसाचं निदान होत नाही. सध्या त्याचा उपयोग मुख्यतः संशोधनात, गटांची तुलना करायला होतो.