वीज गेल्यावर एक्स्टर्नल डिस्क 'फॉरमॅट करा' म्हणते, आत दशावताराची रेकॉर्डिंग आहेत

कुडाळ_कॅमेरा

जत्रांच्या हंगामातली दशावताराची रेकॉर्डिंग १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहेत. एडिटिंग करणाऱ्याकडे मॅक असल्यामुळे डिस्क एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या फाइल सिस्टममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट केलेली होती. काल वळवाच्या पावसात कॉपी चालू असताना वीज गेली. डेस्कटॉपला यूपीएस नाही. आता विंडोज १० वर डिस्क लावली की ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण उघडायला गेल्यावर 'आधी फॉरमॅट करा' असा मेसेज येतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार बरोबर आहे, फाइल सिस्टमच्या जागी 'रॉ' (म्हणजे ओळखता न येणारी) लिहिलंय. डिस्कचा आवाज नेहमीसारखाच. दुसरी प्रत अर्ध्याच प्रयोगांची आहे.

डेटा कसा काढावा? आणि यापुढे कुठल्या फाइल सिस्टमवर ठेवावा? पेन ड्राइव्ह फॅट३२ होता, त्यावर मोठ्या फाइली जातच नव्हत्या, म्हणून तर एक्सफॅट घेतलं होतं.

बंदरावरचा_बिट

सगळ्यात आधी: 'फॉरमॅट'वर क्लिक करू नका आणि त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका. आकार बरोबर दिसतोय आणि आवाज ठीक आहे म्हणजे बहुतेक फाइली जागेवर आहेत, फक्त त्यांच्याकडे नेणारी माहिती बिघडली आहे. एक्सफॅटला जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं. फाइल लिहिताना डिरेक्टरीतली नोंद, मोकळ्या जागेचा नकाशा आणि गरज पडल्यास फॅट टेबल (फाइलीचे तुकडे कुठे आहेत त्याची यादी), असं सगळं वेगवेगळं बदलावं लागतं. मध्येच वीज गेली की काही बदललेलं असतं, काही जुनंच राहतं. ते टेबलही सहसा एकच असतं, जुन्या फॅटसारखी दुसरी प्रत नसते.

आता क्रमाने करा. केबल बदला आणि डेस्कटॉपच्या पुढच्या पॅनलऐवजी मागच्या पोर्टला लावा. खाऱ्या हवेत यूएसबीच्या पिना गंजतात, आणि पुढच्या पोर्टला वीज कमी पडली तरी डिस्क अशीच अर्धवट दिसते. त्यानंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. तिन्ही शून्य असतील तर बिघाड फाइल सिस्टमचा धरा. सी५ किंवा सी६ मध्ये आकडा असेल तर डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) आहेत. अशा वेळी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) अजिबात चालवू नका, विशेषतः /आर लावून. ते पूर्ण डिस्क घासत बसतं आणि दुबळी डिस्क त्यातच मरते. तसंही 'रॉ' दिसणाऱ्या ड्राइव्हवर चेकडिस्क चालत नाही.

दोन्ही बाबतींत पुढची पायरी एकच: आधी पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल, एका फाइलीत). लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू हा नक्कल काढणारा प्रोग्रॅम वापरा. इमेज ठेवायला १ टीबीपेक्षा मोठी दुसरी डिस्क लागेल, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची) मध्ये. मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका. कुठपर्यंत वाचून झालं ते त्यात नोंदलेलं राहतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत -एन लावा, म्हणजे खराब जागी न अडता चांगला भाग आधी निघतो. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) मूळ आणि लक्ष्य डिस्क कोणती ते डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून आकारावरून दोनदा ताडून बघा. इथे अदलाबदल झाली तर मग काहीच उरत नाही.

मग टेस्टडिस्क (बिघडलेली फाइल सिस्टम सावरणारा प्रोग्रॅम) त्या इमेजवर चालवा: ॲडव्हान्स्ड, पार्टिशन, बूट. एक्सफॅटच्या सुरुवातीच्या १२ सेक्टरांची प्रत लगेच पुढच्या १२ सेक्टरांत असते. मूळ सेक्टर बिघडलेला आणि प्रत ठीक दिसली तर 'बॅकअप बीएस' (बूट सेक्टरची राखीव प्रत) निवडा. त्यानंतर 'लिस्ट'मध्ये फोल्डर दिसले की फाइली निवडून तिसऱ्या जागी कॉपी करा. हे जमलं नाही तरच फोटोरेक, जे फाइल सिस्टम न बघता थेट फाइली शोधतं. ते फाइलींची नावं परत देत नाही, आणि तुकड्यांत विखुरलेला मोठा व्हिडिओ बहुधा अर्धवट निघतो.

सी५चा आकडा दर वेळी वाढतोय किंवा टक-टक आवाज येतोय असं झालं तर डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे न्या.

रत्नागिरी_रूट

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी इतकी. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) शूट केलं तर ती सव्वाअकरा-साडेअकरा मिनिटांत भरते. सहा तासांचा प्रयोग साधारण १३५ जीबी होतो, म्हणजे फॅट३२चा विषयच संपला.

मुख्य साठा विंडोजवर असेल तर एनटीएफएस घ्या. त्याला जर्नल आहे, वीज गेल्यावर फाइल सिस्टम स्वतःला सावरते. पण जर्नल फोल्डरची रचना वाचवतं; त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहू शकते, ती पुन्हा कॉपी करावीच लागते. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. म्हणून एक्सफॅट फक्त ने-आण करायच्या डिस्कला ठेवा आणि 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ती काढू नका. एक्सफॅटवरून एनटीएफएसवर थेट बदल करता येत नाही. विंडोजची कन्व्हर्ट कमांड फॅट आणि फॅट३२लाच चालते. डेटा बाहेर काढूनच फॉरमॅट करावं लागेल.

कॉपी एक्सप्लोररने ओढून करण्यापेक्षा विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने करा: /ई /झेड /आर:२ /डब्ल्यू:५. /झेडमुळे तुटलेली कॉपी पुढे चालू करता येते, वेग थोडा कमी होतो. /आर आणि /डब्ल्यू हाताने द्याच, कारण मुळात रोबोकॉपी एका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत राहतं. /एमआयआर मात्र विचार करूनच. मूळ ठिकाणी जे नाही ते दुसरीकडून पुसलं जातं.

आणि यूपीएस घ्याच. ॲडॅप्टरवर चालणारी मोठी एक्स्टर्नल डिस्क असेल तर तिचा ॲडॅप्टरही यूपीएसच्याच सॉकेटमध्ये हवा. नुसता संगणक वाचवून भागत नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा

एक मुद्दा राहिला: मराठी फाइलनावं. एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये नावाला २५५ चिन्हं चालतात, पण लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'वेंगुर्ले' एवढ्यालाच ९ चिन्हं, २७ बाइट. मंडळ, नाटक, गाव, पात्रं असं सगळं नावात लिहिलेली फाइल लिनक्सवर कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून अडते. रिकव्हरी लिनक्सवर करणार आहात, तर हे आधीच लक्षात ठेवा. लक्ष्य डिस्क एनटीएफएस असेल तर ही अडचण येणार नाही.

दुसरं, 'किनाऱ्यावर'मधला ऱ्या. तो तीन प्रकारे साठवला जातो: स्वतंत्र ऱ, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब), किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). डोळ्यांना जवळजवळ सारखंच दिसतं, पण एनटीएफएसला ती तीन वेगळी नावं आहेत. जुन्या मॅकची फाइल सिस्टम एचएफएस प्लस ऱ फोडून र आणि नुक्ता करते. मॅकवरून परत आलेल्या फोल्डरमध्ये एकच नाव दोनदा दिसलं तर कारण हेच. शोधतानाही एक सापडतं, दुसरं नाही. म्हणून फाइलनाव रोमनमध्ये, सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस, मग गाव आणि नाटकाचं छोटं नाव. पात्रांची यादी, मंडळ वगैरे माहिती मराठीत एका एक्सेल फाइलमध्ये ठेवा, ती प्रत्येक प्रतीसोबत जाऊ द्या.

कुडाळ_कॅमेरा

सी५, सी६ शून्य आहेत. इमेज झाली, 'बॅकअप बीएस'नंतर फोल्डर दिसले. कॉपी चालू असलेली शेवटची फाइल उघडत नाही, बाकी चालतात. आता मूळ डिस्क फॉरमॅट करून लगेच वापरू का?

बंदरावरचा_बिट

लगेच नको. फाइली नुसत्या उघडतात यावर विसंबू नका, लांब व्हिडिओ मध्यावर आणि शेवटी सरकवून बघा. शेवटची फाइल कॅमेऱ्याच्या कार्डात असेल तर ते कार्डही तोवर बाजूला ठेवा. मग दोन प्रती करा, विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने दोन्हींचा एसएचए२५६ (फाइलीच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा) काढून ताडून बघा, आणि एक प्रत घाटावर कुणाकडे तरी ठेवा. निसर्ग आणि तौक्ते वादळांत घरं आणि वीज दोन्ही गेलेली होती. एकाच घरातल्या दोन डिस्क अशा वेळी एकच समजायच्या. इथली प्रत हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पावसाळ्यात दाणे बदला, आणि डबा उघडल्यावर डिस्क खोलीच्या तापमानाला आल्यावरच जोडा. मूळ डिस्क त्यानंतर फॉरमॅट करा, तेही 'क्विक' खूण काढून, म्हणजे सगळे सेक्टर तपासले जातील. १ टीबीला काही तास लागतात.